घाटमाथ्यावरची भरलेली बॅटरी

या आठवड्यात रस्त्यावर सोयाबीन दिसू लागले. कोरेगावहून साताऱ्याकडे येताना निम्मा रस्ता वाळत घातलेल्या शेंगांनी अडवलेला होता आणि उरलेल्या निम्म्यावरून एसटी, ट्रॅक्टर आणि मी असे तिघे आळीपाळीने पुढे सरकत होतो. वाळक्या शेंगा आणि तापलेले डांबर यांचा मिळून एक वास काचेतून आत आला आणि माझा उजवा पाय आपोआप उचलला गेला. माझ्या हायब्रिड गाडीचे इंजिन थांबले, विजेची मोटर पुढे झाली, गाडी मुकाट्याने घरंगळू लागली. वास नाकाला येतो आणि पाय उचलला जातो, यामागची यंत्रणा काय असावी, असे मला कुतूहल वाटले. उत्तरासाठी फार लांब जावे लागले नाही. तीन वर्षांपूर्वीचा एक ऑक्टोबर त्या वासात जसाच्या तसा शिल्लक होता.

ऑक्टोबर हा आमच्या भागात कुणाच्याच हक्काचा महिना नाही. पाऊस त्याला सोडून गेलेला असतो आणि थंडी अजून पोचलेली नसते. कासच्या फुलांची गर्दी ओसरलेली, महाबळेश्वरचे टॅक्सीवाले दिवाळीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले, तासगावकडे द्राक्षांची छाटणी चाललेली, साखर कारखान्यांच्या चिमण्या पहिल्या धुराच्या तयारीत. मात्र उडणाऱ्या माणसांचे वर्ष याच महिन्यात सुरू होते. ढग उंच जातात, जमीन वाळते आणि दुपारी तापलेल्या कातळावरून हवा वर उठू लागते. ती दिसत नाही; पण घारी तिच्यावर पंख न हलवता गोल गोल चढत जातात आणि खाली माना वर करून बसलेल्या काही माणसांना त्यांचा हेवा वाटू लागतो.

त्या वर्षी मी या माणसांत सामील झाले होते. सातारा आणि सांगली यांच्या मध्ये, तिन्ही बाजूंनी उसाने वेढलेल्या एका छोट्या धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकत होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर संशोधनासाठी मला एका विद्यापीठात जागा मिळत होती, आणि मला वैमानिक व्हायचे होते. बाबा सांगलीतल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्रच शिकवतात. त्यामुळे आमच्या घरी भांडणे होत नाहीत, अटी ठरतात. अट अशी ठरली होती: दिवाळीपर्यंत माझा सोलो झाला, म्हणजे शिक्षक शेजारी नसताना मी एकटीने विमान उडवून सुखरूप खाली आणले, तर पुढचे सगळे मान्य. नाही तर दिवाळीनंतर विद्यापीठ. तिथली जागाही तोवरच थांबणार होती.

ऑक्टोबर लागला तेव्हा माझ्याबरोबरच्या सगळ्यांचे सोलो उरकले होते. माझाच राहिला होता आणि त्याचे कारण उड्डाण नव्हते. विमान वर नेण्यात मी उत्तम होते. ते खाली येत नव्हते.

धावपट्टीच्या तोंडाशी पोचताना विमानाचा एक ठरावीक वेग असावा लागतो. मी त्यात नेहमी थोडी भर घालत असे. वेग कमी पडला तर विमान आपटेल, जास्त असला तर काय बिघडणार, असा माझा युक्तिवाद. बिघडायचे ते असे: चाके टेकण्याच्या उंचीवर आलेले विमान तो जादा वेग जिरेपर्यंत जमिनीलगत तरंगत राही. धावपट्टीवरचे आकडे मागे जात, डावीकडचा, विमाने ठेवायचा पत्र्याचा हँगर मागे जाई आणि समोरचा ऊस मोठा मोठा होत येई. मग शेजारून शांत आवाजात “गो-अराउंड” असे शब्द येत आणि आम्ही पुन्हा आकाशात.

तो आवाज कॅप्टन जगदाळे यांचा. मूळचे कोरेगाव तालुक्यातले, उभी हयात मोठी प्रवासी विमाने चालवून निवृत्तीनंतर गावाजवळ शिकवायला आलेले. रेडिओवर त्यांचे इंग्रजी ऐकले तर हा माणूस परदेशातच वाढला असावा असे वाटे. माईकचे बटण सोडले की कोरेगाव सुरू.

“मुक्ता,” सलग तिसऱ्या गो-अराउंडनंतर ते एकदा म्हणाले, “पावणं पोरगी बघून जात्यात, तशी तू धावपट्टी बघून जातीस. पसंत हाय का न्हाई, ते तरी सांग तिला. रोज नटून बसतीया बिचारी.”

मी वाऱ्याची दिशा, हवेची घनता आणि विमानाचे वजन यांवर एक सविस्तर खुलासा दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाले, “खुलासा लय ग्वाड हुता. आता विमान उतरीव.”

या जादा वेगाचा उगम शोधायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. आमच्या घरात कोणत्याही गोष्टीचे माप तिच्या गरजेवर ठरत नाही. आई डब्यात चार पोळ्या मोजून घालते आणि झाकण लावताना आणखी दोन दुमडून कोपऱ्यात बसवते. “असू दे,” म्हणते. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात माझ्या बॅगेत स्वेटर असतो, कोरड्या आभाळाखाली छत्री असते, आणि धावपट्टीवरच्या खोलीत माझ्या पलंगाखाली भडंगाची इतकी पाकिटे असत की मुलांनी त्या खोलीला गोदाम असे नाव ठेवले होते. “विमानात पेट्रोल जरा जास्तीचंच भरून घेत जा,” ती मला फोनवर सांगे. “असू दे आपलं.” विज्ञान शिकून मी फक्त एवढेच केले होते, की या ‘असू दे’ला ‘सुरक्षिततेसाठीची राखीव मर्यादा’ असे भारदस्त नाव दिले होते.

त्या ऑक्टोबरातली दुसरी ठळक व्यक्ती म्हणजे हारूनभाई तांबोळी. हे सांगलीतले हळदीचे व्यापारी. त्यांच्या गोदामात जाऊन आलेला माणूस संध्याकाळपर्यंत पिवळे शिंकतो. पन्नाशीत ते घरच्यांना घेऊन पाचगणीला सहलीला गेले असताना त्यांनी एका माणसाला पाठीला कापडी पंख बांधून कड्यावरून पळताना पाहिले आणि घरच्यांची भेळ संपायच्या आत पॅराग्लायडिंगचा शिक्षक ठरवून ते परतही आले. तेव्हापासून ऑक्टोबरातला एकही रविवार त्यांनी जमिनीवर घालवलेला नाही. त्या दिवसांत हळद जमिनीखाली वाढत असते, म्हणूनच हारूनभाईंना जमिनीच्या वर राहता येते.

कॅप्टन आणि हारूनभाई यांची ओळख आकाशात झाली नाही. ती साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या एका दुकानासमोर झाली. एकाच जातीच्या दोन हायब्रिड गाड्या शेजारीशेजारी येऊन थांबल्या आणि दोन्ही मालक खाली उतरायचे सोडून समोरच्या पडद्यावरचे ॲव्हरेज वाचत बसले. दोघांनी काचा खाली केल्या. आधी एकमेकांना ॲव्हरेज विचारले, मग नाव. पुढे त्यांच्याभोवती आणखी काही हौशी आणि काही धंदेवाईक वैमानिक जमले आणि रविवारचे एक मंडळच उभे राहिले. या मंडळात माणसाची किंमत त्याच्या उड्डाणाच्या तासांवर ठरत नसे. लिटरमागे किती किलोमीटर, हे एकच विचारले जाई.

वैमानिकांना हायब्रिड गाडीचे एवढे वेड का, यावर मी त्या काळात बराच विचार केला. गाडी तशी साधी. एकाच पोटात पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर. उतारावर किंवा ब्रेक लावताना चाकेच मोटरला उलटी फिरवतात, वीज तयार होते, ती एका छोट्या बॅटरीत साठते आणि पुढच्या सपाटीवर वापरली जाते. कोणी कधी काम करायचे ते गाडीच ठरवते. चालवणाऱ्याच्या हाती एकच कला उरते: मिळालेली गती वाया जाऊ न देणे. उंची खर्चून वेग घ्यायचा आणि वेग खर्चून उंची, हा वैमानिकाचा आयुष्यभराचा व्यवहार. तो जमिनीवर करायला मिळतो म्हटल्यावर ही माणसे हरखून जाणारच. पण दोघांची कारणे मात्र परस्परांच्या अगदी उलट होती.

“इंजिन गप्प झालं की मला बरं वाटतं,” हारूनभाई म्हणत. त्यांच्या पंखाला इंजिनच नव्हते.

“इंजिन गप्प झालं की मला अजून घाम फुटतो,” कॅप्टन म्हणत. “पर ह्या गाडीत दिवसातनं पन्नास डाव गप्प हुतंय आन् पन्नास डाव आपलं आपण बोलाय लागतंय. लय धीर येतो.”

एकाला गाडीतले मौन आवडे, दुसऱ्याला मौनानंतरचे उत्तर. मैत्रीला एवढा पाया मी पुष्कळ समजते.

या मौनापायी एकदा मोठा घोटाळाही झाला होता. विमानात ताबा देण्याघेण्याची एक पक्की रीत असते. देणारा म्हणतो, “यू हॅव कंट्रोल.” घेणारा म्हणतो, “आय हॅव कंट्रोल.” या दोन वाक्यांच्या मधल्या क्षणात विमान कुणाचेच नसते, म्हणून दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणावीच लागतात. मंडळातले लोक गाडीतही तसेच म्हणत. एका रविवारी आम्ही कॅप्टनच्या गावी जेवायला गेलो. फाटक उघडण्यासाठी कॅप्टन “यू हॅव कंट्रोल” म्हणून उतरले, हारूनभाई सरकून स्टिअरिंगमागे बसले, त्यांनी गाडी चिंचेखाली लावली आणि तेही उतरले. गाडी कुणीच बंद केली नाही. आवाज नव्हता, म्हणून ती बंदच आहे असे सगळ्यांनी गृहीत धरले. आत एसी चालू, बॅटरी हळूहळू उतरत गेलेली. आम्ही भाकरी मोडत असताना, अंगणात कुणी नसताना, इंजिन आपले आपण सुरू झाले.

शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. “आवं कॅप्टन, तुमची गाडी हाका मारतीया. तिला बी ताट वाढा की.”

दोघे वैमानिक एकमेकांकडे बघत राहिले.

“कंट्रोल तुमच्याकडं होता,” हारूनभाई म्हणाले.

“तुला दिला हुता की फाटकापाशी.”

“दिलात. पण मी घेतला म्हणालो का?”

उड्डाणशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड होता. गाडी मात्र गुरगुरतच राहिली, कारण हा निर्णय लागेपर्यंत ती बंद करायला कुणीच उठले नाही.

मंडळाचा रविवार असा असे. सकाळी सगळे पाचगणीला जमत. ऊन तापून वारा दरीतून वर यायला लागला की हारूनभाई कड्यावर आपला केशरी पंख पसरत, चार पावले पळत आणि वाईच्या खोऱ्यावर तरंगू लागत. ते खाली उतरत ते कृष्णेच्या बाजूला एखाद्या मोकळ्या रानात, आणि तिथून त्यांना आणायला गाडी पसरणीच्या घाटातून खाली न्यावी लागे. एकाच माथ्यावरून दोघे निघालेले, दोघांनाही इंधन नको. वरचा माणूस मिळालेली उंची शक्य तितकी पुरवून वापरणार, खालचा ती बॅटरीत साठवणार. घाटभर इंजिन एकदाही न बोलता आणि चाकांचे ब्रेक जवळजवळ न वापरता जो गाडी खाली आणेल त्याला पेढे. इंजिन बोललेच तर त्याने पुढच्या रविवारी भडंग आणायचे.

कॅप्टन या खेळात अजिंक्य होते. एका रविवारी घाटात एका वळणापलीकडे मेंढरांचा कळप आला. माणदेशाकडून आलेले बिरूमामा काठी खांद्यावर टाकून कळपामागे चालले होते. गाडी बॅटरीवर, निःशब्द. मेंढरांनी कान हलवला नाही. हॉर्न वाजवणे कॅप्टन कमीपणाचे मानत. आम्ही कळपाच्या वेगाने मागून सरकत राहिलो. बऱ्याच वेळाने बिरूमामांनी वळून पाहिले, थबकले, आमच्या गाडीच्या मागे जाऊन वाकून पाहून आले.

“सायेब,” ते काचेशी येऊन म्हणाले, “मला वाटलं मागनं कुणी ढकलतंय का काय. बंद पडलीया व्हय?”

“न्हाई, चालू हाय.”

“आसं व्हय,” बिरूमामा म्हणाले, आणि आजारी माणसाला धीर द्यावा तसा त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. “हुईल बरी.”

धावपट्टीवर एक अलिखित प्रथा होती. ज्याचा सोलो अडला, त्याला कॅप्टन रविवारी घाटात नेत आणि आपली गाडी चालवायला देत. घाट नीट उतरला तर सोलो जवळ आला, असे मानायचे. मला ही प्रथा अत्यंत अशास्त्रीय वाटे.

“सर,” मी म्हणाले, “गाडीने घाट उतरणे आणि विमान उतरवणे यांतला संबंध सिद्ध झालेला नाही. आतापर्यंतचा नमुना फार लहान आहे.”

“मग तू ये की. नमुना एकानं वाढंल.”

दिवाळी जवळ आली होती. सांगलीत आईची चकलीची भाजणी दळून झाली होती आणि बाबांनी फोनवर, अगदी सहज विचारल्यासारखे, विद्यापीठाच्या वसतिगृहात गादी मिळते का, असे विचारले होते. शेवटी रविवारी मी घाटात गेले. जायचेच तर जिंकायला, या तयारीने गेले. गाडीची माहिती मी पाठ केली होती. वळणे, उतार, कुठे पाय उचलायचा, सगळे डोक्यात मांडून ठेवले होते. आणि एवढ्यावर न थांबता मी आणखी एक युक्ती केली, जिचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला.

कॅप्टन आणि बाकीचे कड्यावर हारूनभाईंचा पंख पसरायला गेले होते. गाडी सांभाळायला मी एकटीच मागे थांबले होते. पडद्यावर बॅटरी जेमतेम तळाशी दिसत होती, कारण घाट चढून येताना ती वापरली गेली होती. एवढ्या मोठ्या परीक्षेला एवढ्याशा शिदोरीवर उतरायचे? मी गाडी उभी ठेवली, एसी बंद केला, एक्सिलरेटर हलकेच दाबून धरला आणि इंजिनकडून बॅटरी भरून घेतली. पट्टी एकेका घराने वर चढत गेली. वर टोकाला पोचली तेव्हा मला आईची आठवण आली. झाकण लावताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, तेच माझ्याही चेहऱ्यावर असणार.

हारूनभाई उडाले. कॅप्टन शेजारी येऊन बसले आणि डोळे मिटून घेतले. विद्यार्थी चालवत असला की ते गाडी कानांनी पाहत.

“यू हॅव कंट्रोल.”

“आय हॅव कंट्रोल.”

पहिले वळण अप्रतिम गेले. दुसरेही. डाव्या हाताला खोरे उघडले, गवत पिवळे पडू लागलेले, दूर धोम धरणाचे पाणी उन्हात पत्र्यासारखे चमकत होते आणि त्यावर हारूनभाईंचा केशरी पंख. तिसऱ्या वळणावर पडद्यावरच्या पट्टीतली उरलीसुरली फटही भरली आणि पुढे सरकायला तिला जागा उरली नाही. उतार मात्र सगळाच बाकी होता. आता चाकांकडून येणारी वीज ठेवायची कुठे? गाडीने तिच्यापुरता मार्ग काढला. ती वीज नुसती जिरवण्यासाठी तिने गप्प बसलेले इंजिन गरागरा फिरवायला सुरुवात केली. पेट्रोलचा थेंब न जाळता माझी शांत, सुशिक्षित गाडी उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरसारखी ओरडू लागली. मी घाबरून ब्रेक दाबला. घाटातल्या देवळापाशी पोचेतो चाकांचा जळका वास आत आला. कठड्यावरची माकडे उठून उभी राहिली.

कॅप्टननी डोळे उघडले नाहीत. फक्त भुवया वर गेल्या.

पुढच्या वळणाला बिरूमामांचा कळप होता. आमचा आवाज ऐकून मेंढरे आधीच बाजूला झाली होती. बिरूमामांनी काठी उंचावून आम्हाला वाट दिली आणि मनापासून आनंदाने म्हणाले, “झाली का दुरुस्त? आज झ्याक आवाज यितोय.”

खाली रानात हारूनभाई आमच्या आधी उतरून पंखाची घडी घालत होते. माझ्या गाडीचा आवाज त्यांना आकाशात ऐकू आला होता. इतर कुणाच्या गाडीबद्दल त्यांनी असे कधी सांगितलेले मला आठवत नाही.

“माथ्यावर बॅटरी किती हुती?” कॅप्टननी गाडीतून उतरून एवढेच विचारले.

“पूर्ण,” मी म्हणाले. त्या क्षणीही आवाजात थोडा अभिमान होता.

“घाट चढून आल्यावर पूर्ण? कुणी भरली?”

“मी. गाडी उभी ठेवून. इंजिनवर.”

हारूनभाई अर्धवट घडी घातलेल्या पंखावर बसले. त्यांना हसू आवरेना. “म्हणजे उतारावर फुकट मिळणार होती ती वीज ठेवायला जागा नको, म्हणून पेट्रोल जाळून जागा भरली. वा, सायंटिस्ट.” मग त्यांनी खोऱ्याच्या वरच्या बाजूला बोट दाखवले. “सांगलीची ना तू? तिकडं धोम आहे बघ. पाऊस तोंडावर आला की धरण काठोकाठ भरून ठेवायचं का?”

“छे,” मी तत्काळ म्हणाले. हा विषय आमच्या घरचा. महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या पायरीला लागून गेले आहे. त्यानंतर दर पावसाळ्यात बाबा जेवताना पाण्याचा पेला समोर घेऊन शेजाऱ्यांना समजावतात. ते सगळे माझ्या तोंडून घडाघडा बाहेर पडले. “येणाऱ्या पाण्यासाठी धरणात आधीच जागा मोकळी ठेवावी लागते. भरलेल्या धरणाला पुढचं सगळं पाणी नुसतं सोडूनच...”

मी थांबले. पदव्युत्तर शिक्षणात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मी किती पद्धतींनी सिद्ध केला होता, ते आठवण्याची ती वेळ नव्हती.

“आता मला सांग,” कॅप्टन गवतावर बसत म्हणाले, “धावपट्टीवर येताना जादा वेग कशापायी ठेवतीस?”

“असू दे म्हणून,” मी म्हणाले.

हरणाऱ्याने पुढच्या रविवारी भडंग आणायचे असते; माझ्या बॅगेत ते होतेच. आम्ही तिथेच बसून खाल्ले. खुरट्या, पिवळ्या गवतात, तापलेल्या मातीच्या वासात, आणि वर एक घार आमच्या रानावरूनच गोल चढत असताना.

त्यानंतरचे काही दिवस मी एका वेगळ्याच विषयाचा अभ्यास केला. अधिक आणणे ही माझी एकमेव गुणवत्ता होती. परीक्षेत अधिक पुरवण्या, चर्चेत अधिक मुद्दे, कॅप्टनच्या एका वाक्याला माझी पाच. समोरून काही येणार आहे, त्याला आत जागा लागेल, हे मी कधी गृहीतच धरले नव्हते. वारा येणार असतो. जमीन येणार असते. जमिनीलगत हवेची एक मऊ गादी असते, तीही विमानाला उचलून धरते. आधीच भरलेल्या माणसाला यांतले काहीच घेता येत नाही. तो ऊस येईपर्यंत तरंगत राहतो. ही गोष्ट मला विमानाने शिकवली असती तर मी तिच्यावर खुलासा दिला असता. घाटात माझ्याकडे खुलासा नव्हता, आणि असता तरी तो इंजिनच्या आवाजात ऐकू आला नसता.

वसुबारसेच्या आदल्या सकाळी हवा थांबलेली होती. कारखान्याचा बॉयलर पेटला होता आणि चिमणीचा धूर सरळ काठीसारखा वर चाललेला. कॅप्टनबरोबर मी एक फेरी मारली. धावपट्टी समोर आली तेव्हा माझा हात नेहमीप्रमाणे थोडा वेग राखायला गेला. मी तो मागे घेतला. वेग हवा तेवढ्यावर आला, विमान हळूहळू खाली बसले, चाके टेकली. हँगर अजून पुढेच होता. तो मला इतका वेळ समोर दिसण्याची ही पहिलीच खेप.

धावपट्टीच्या कडेला आल्यावर त्यांनी पट्टा सोडला आणि दार उघडले.

“मी उतरतोय. दार नीट लाव. आन् ऐक, मी नसलो की विमान हलकं हुतंय. लवकर चढंल, उशिरा उतरंल. माझ्या वजनाचा अपमान हाय, पर खरं हाय.” मग आत वाकून, पूर्वी कधी न वापरलेल्या हळू आवाजात ते म्हणाले, “यू हॅव कंट्रोल.”

“आय हॅव कंट्रोल.”

मी वर गेले. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथून शब्द येत नव्हते, श्वास येत नव्हता, “गो-अराउंड” येणार नव्हते. या रिकामेपणाची मला भीती वाटेल असा माझा अंदाज होता, आणि तो चुकला. त्या रिकाम्या बाजूच्या खिडकीतून, कॅप्टनच्या खांद्यामुळे महिनोन् महिने न दिसलेली कृष्णा प्रथमच पूर्ण दिसली, उसांमधून वाकत सांगलीच्या दिशेने चाललेली. मग मी वळले, उंची सोडली, वेग हवा तेवढाच ठेवला. हलके झालेले विमान किंचित तरंगले. मी वाट पाहिली. जमीन आली, आणि मी तिला येऊ दिले.

उतरले तेव्हा कॅप्टन धावपट्टीकडे पाठ करून उभे होते. आयुष्यभर लाखो माणसांना सुखरूप उतरवलेल्या त्या गृहस्थांना विद्यार्थ्याचा सोलो पाहवत नसे, हे मला मागाहून कळले. चाकांचा आवाज थांबल्यावर ते वळले.

“पसंत पडली म्हणायची धावपट्टी,” ते म्हणाले आणि डोळ्यांत कारखान्याची राख गेल्याची तक्रार करत रुमाल शोधू लागले. चिमणीचा धूर अजून सरळ वर जात होता.

सोलो झालेल्यावर बादलीभर पाणी ओतण्याची सगळीकडे रीत आहे. हारूनभाई मुद्दाम सांगलीहून आले होते आणि त्यांच्या मते पाणी ही सांगलीकराला भेट देण्याची वस्तू नव्हे. त्यांनी पोते उघडले. मी डोळे मिटेपर्यंत डोक्यापासून बुटांपर्यंत पिवळी झाले होते.

त्याच अवतारात मी त्यांच्या गाडीतून सांगलीला निघाले. वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो, तर तिथल्या माणसाने आदराने हात जोडले. “पालीच्या खंडोबाला जाऊन आलासा व्हय? लय भंडारा उधळला.” हारूनभाईंनी गंभीरपणे मान डोलावली. मी खिडकीतून रस्त्याकडे पाहत होते. दोन्ही कडांना सोयाबीन वाळत होते, काचेतून तो वास येत होता, आणि उतार आला की इंजिन गप्प होत होते.

दार आईने उघडले. तिने माझे कपाळ पाहिले, कान पाहिले, केस पाहिले. हळदीने माखलेली लग्नाच्या वयाची मुलगी दारात उभी, असे ते दृश्य होते, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते तिला तसेच दिसत असावे.

“आम्हाला न सांगता?” ती एवढेच म्हणाली.

“सोलो झाला,” मी म्हणाले.

आतून बाबांच्या खुर्चीचा आवाज आला. ते बाहेर आले, माझ्याकडे बघत क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने विचारावा असा एकमेव प्रश्न विचारला.

“टेकायला येताना वेग किती ठेवलास?”

“लागतो तेवढाच.”

बाबांनी मान हलवली. अट पुरी झाली होती. आई शिऱ्यासाठी रव्याचा डबा काढायला स्वयंपाकघरात वळली होती. तिथूनच, वाटीवर आणखी एक मूठ रवा टाकताना होतो तसा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचा.

“थोडा जास्त ठेवायचास की गं. हाताशी असू दे.”